शेकडा कशावर?

टक्का म्हणजे शंभरातला एक भाग, हे तुम्ही पाचवी-सहावीतच शिकता. पण शंभर भाग कशाचे करायचे, हे ठरल्याशिवाय कोणत्याही टक्क्याला अर्थ नसतो. पुस्तकातल्या उदाहरणात मूळ किंमत दिलेली असते. बाजारात मात्र ती आपणच शोधून काढावी लागते. गणितात चांगले गुण मिळवणारी मुले दुकानात गोंधळतात, त्याचे कारण माझ्या मते हेच आहे.

एक उदाहरण घेऊ. २२ सप्टेंबर २०२५ पासून केसांचे तेल, शाम्पू, टूथपेस्ट अशा वस्तूंवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. समजा, एका तेलाच्या बाटलीची कर धरण्यापूर्वीची किंमत १०० रुपये आहे. पूर्वी ती ११८ रुपयांना पडे, आता १०५ रुपयांना पडेल. मग किंमत १३ टक्क्यांनी उतरली म्हणायचे काय? नाही. उतरले ते १३ रुपये, आणि तेही ११८ रुपयांतून. १३ ला ११८ ने भागून १०० ने गुणा. उत्तर सुमारे ११ टक्के येते. म्हणजे ११ टक्के किंमत उतरवणाऱ्या दुकानदाराला लबाड म्हणणारा ग्राहक चुकतो. पाचच टक्के उतरली असता 'कर कमी झाला बरे!' म्हणून समाधान मानणारा ग्राहकही चुकतो. दोघांनाही वजाबाकी येते. कशाने भागायचे, तेवढे त्यांनी पाहिलेले नसते.

कापडाच्या दुकानावर '५० टक्के सूट, वर आणखी २० टक्के' अशी पाटी असते. बेरीज करून आपण ७० टक्के म्हणतो. पण ८०० रुपयांच्या सदऱ्याची किंमत पहिल्या सुटीने ४०० होते आणि दुसरी सूट या ४०० वर मिळते. आपण ३२० रुपये देतो, म्हणजे एकूण सूट ६० टक्केच. पाटी खोटी नसते, आपली बेरीज खोटी असते.

हप्त्यांचा व्यवहार याहून महाग पडतो. १२,००० रुपयांची वस्तू १० टक्के व्याजाने बारा समान मासिक हप्त्यांवर घेतली आणि व्याज सरसकट पूर्ण रकमेवर लावले, तर ते १,२०० रुपये होते. परंतु दर महिन्याला आपण मुद्दल फेडत जातो. वर्षभरात आपल्याकडे सरासरीने जेमतेम निम्मीच रक्कम उरलेली असते. त्या मानाने व्याजाचा खरा दर वर्षाला सुमारे १८ टक्के पडतो!

कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या खिशात गणकयंत्र आहे, मग एवढी उठाठेव कशाला? गणकयंत्र भागाकार बिनचूक करते हे खरे; पण कशाला कशाने भागायचे, हे त्याला आपणच सांगावे लागते. आपण चुकीची संख्या दिली, तर तेही चुकीचे उत्तर तितक्याच तत्परतेने देते.

म्हणून शिक्षकांना एक सूचना करावीशी वाटते. शेकडेवारीचा धडा फळ्यावरच संपवू नये. मुलांना घरातील किराण्याची बिले, वेष्टने, जाहिरातींचे कागद वर्गात आणायला सांगावे. वेष्टनावरील कमाल किरकोळ किमतीत सर्व कर धरलेले असतात. तेव्हा १०५ रुपयांत ५ टक्के दराने कर किती, हे मुलांनी काढावे. उत्तर ५ रुपये येते. सव्वापाच रुपये काढणाऱ्याने १०० ऐवजी १०५ चे शेकडा भाग केलेले असतात. प्रत्येक टक्क्यापुढे 'कशाचे?' असे लिहिण्याची सवय मुलांना लावावी, आणि परीक्षेत त्या शब्दालाही गुण ठेवावेत. घरचा पैसा जपण्याची ही विद्या आहे. ती शाळेत मिळाली नाही, तर पुढे बाजार शिकवतो, आणि त्याची फी जबर असते.