आवाज ऐकू आला की लगेच "मनोरुग्णालयात न्या"?

"ह्याला मनोरुग्णालयात नेऊन टाका रे!" रत्नागिरीत वाढलेल्या प्रत्येकाने हा विनोद कधी ना कधी केलाय. मीही केलाय. राज्यात वर्षानुवर्षं सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच, ठाणे, पुणे, नागपूर आणि आपलं. त्यामुळे आपल्याला हा विनोद आयताच मिळाला.

आत्यामुळे मला तो नकोसा झाला. तिचे यजमान गेले आणि पुढे कितीतरी महिने पहाटे पडवीतून त्यांचं खोकणं तिला ऐकू यायचं. शेवटी आईजवळ बोलली, तेही "हसू नको हां वहिनी" असं बजावून. घरात लगेच दोन तट. एक म्हणतो देवाला कौल लावा, दुसरा म्हणतो डोक्यावर परिणाम झालाय. आत्याला भीती एकच, "मला तिकडे तर ठेवणार नाहीत ना?"

१९७१ साली वेल्समधल्या डॉ. रीस यांनी २९३ विधवा-विधुरांशी बोलून एक लेख लिहिला. जवळजवळ निम्म्या लोकांना गेलेला जोडीदार जवळ असल्यासारखा वाटत होता, नाहीतर दिसत किंवा ऐकू येत होता. बहुतेकांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हणजे पडवीतलं खोकणं फक्त आमच्याकडचं नाही.

आता मेंदूचं बघू. २०२१ मध्ये जगभरच्या तीन हजारांवर निरोगी माणसांचे एमआरआय एकत्र करून एक अभ्यास आला. कुणी नसताना कुणीतरी आहेसं वाटणं, लोक आपल्याबद्दलच कुजबुजतायत असं वाटणं, हे ज्यांच्यात जास्त, त्यांच्या कपाळामागच्या एका भागात मेंदूचा वरचा थर किंचित जाड निघाला. गंमत म्हणजे स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत हा थर सहसा पातळ आढळतो. शिवाय फरक इतका बारीक की तो हजारो लोकांच्या सरासरीतच दिसतो, एका माणसाच्या स्कॅनवरून काही सांगता येत नाही. (स्कॅन बघून "तुमचा मुलगा वेडा होणार का" ते सांगतो असं कुणी म्हणालं, तर पैसे वाचवा.)

थोडक्यात, शहाणे इकडे आणि वेडे तिकडे, मध्ये मनोरुग्णालयाची भिंत, असं निसर्गाने काही आखलेलं नाही. चढ हळूहळू चढतो. बरीच माणसं त्याच्या पायथ्याशी आयुष्यभर सुखाने राहतात.

पण म्हणून सगळंच सोडून द्यायचं नाही. आमच्याच वाडीतल्या एका पोराची झोप उडाली, कॉलेज सुटलं, आईने वाढलेल्या जेवणात विष आहे म्हणू लागला, आवाज त्याला हुकूम सोडू लागले. घरच्यांनी वर्षभर लपवलं. का? तर "तिकडे" नेलं की पुढे लग्न जमणार नाही. तोच आपला विनोद! आत्याला त्याने गप्प बसवलं आणि ह्या पोराचं वर्ष खाल्लं.

खोकणं ऐकू येणाऱ्या आत्याला कुणीतरी शेजारी बसून ऐकणारं हवं होतं, तेवढ्याने भागलं. पोराला डॉक्टर हवा होता, आणि लवकर. झोप, काम, जेवण बिघडलं, भीती वाढली, आवाज काहीतरी करायला सांगू लागला, त्यात गांजाही असेल, तर थांबू नका. टेली-मानसचा नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

पोरगा आता गोळ्या घेतो, रिक्षा चालवतो. परवा त्याच्याच रिक्षातून बाजारात गेलो. आत्याला खोकणं हल्ली ऐकू येत नाही. त्याचंच तिला वाईट वाटतं.