टिलर अनुदानात आला, पण ऑइल सील कुठे मिळणार?

वाळवा, पलूस, कडेगावच्या ऊसपट्ट्यात बांधणीच्या दिवसांत नेहमी दिसणारं चित्र. चार दिवस पावसानं उघडीप दिलेली, रान वाफशावर आलेलं आणि टिलर मात्र गोठ्यात उभा. दोरी ओढून ओढून हात दुखले तरी इंजिन दाद देत नाही. गावातला मोटारसायकलचा मेकॅनिक प्लग साफ करून देतो, कार्बोरेटर खोलतो. पण गिअरबॉक्समधून तेल गळतंय म्हटलं की हात वर करतो. ज्या दुकानातून यंत्र घेतलं ते म्हणतं, "मॉडेल बदललंय, पार्ट मागवावा लागेल." पार्ट येईपर्यंत घात गेलेली असते.

भांगलणीला बायका मिळत नाहीत, बैलजोडी सांभाळणं परवडत नाही. म्हणून तासगावच्या द्राक्षबागेपासून आटपाडीच्या डाळिंबापर्यंत छोट्या यंत्रांची गरज खरीच आहे. सरकारचंही धोरण तेच आहे. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत अल्पभूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ठरलेल्या मर्यादेत ५० टक्के, तर इतरांना ४० टक्के अनुदान मिळत आलं आहे. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून शेती यंत्रांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे यंत्र घेणं सोपं झालं. ते चालू ठेवणं मात्र होतं तेवढंच अवघड राहिलं.

कागद पूर्ण, सेवा शून्य

महाडीबीटीवर अर्ज, पूर्वसंमती, कोटेशन, चाचणी अहवाल, बिल, मग मोका तपासणी. एवढ्या पायऱ्या चढल्यावर पैसे खात्यावर येतात. तपासणीत यंत्र जागेवर आहे का, नंबर जुळतो का, हे पाहतात. पण या कंपनीचा पार्ट तालुक्यात मिळतो का, दुरुस्त करणारा माणूस कोण, हे कुणी विचारत नाही.

खरं तर हा प्रश्न दिल्लीत विचारला गेला आहे. जुलै २०२० मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयाने पॉवर टिलर आणि त्याचे इंजिन, ट्रान्समिशन, चासी, रोटाव्हेटर हे भाग आयातीच्या निर्बंधित यादीत टाकले. परवाना मागणाऱ्याकडे प्रशिक्षण, विक्रीपश्चात सेवा आणि सुट्या भागांची सोय असली पाहिजे, अशी अट घातली. जी अट आयातदाराला लागते, ती गावात अनुदानावर यंत्र विकणाऱ्याला का लागू नये? एवढा साधा मुद्दा आहे.

आधी यंत्र ओळखा

दोष सगळा वरच्यांचाच, असंही नाही. आपल्याकडे फिरणारी पाती दिसली की सगळ्याला टिलरच म्हणतात. प्रत्यक्षात प्रकार तीन. दोन टायरचा, डिझेलवर चालणारा मोठा पॉवर टिलर हा पहिला. दुसरा पॉवर वीडर, हवेने थंड होणाऱ्या पेट्रोल किंवा डिझेल इंजिनाचा. तिसरं छोटं कोळपणी यंत्र, त्याला गवत कापायच्या मशीनसारखं टू-स्ट्रोक इंजिन असतं. या तिसऱ्यात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावंच लागतं. नुसतं पेट्रोल घातलं तर पिस्टन जाम होतो. उलट फोर-स्ट्रोकमध्ये मिश्रण घातलं तर धूर होतो आणि प्लग काळा पडतो. शेजाऱ्याचा कॅन बघून तेल भरणाऱ्यांचं इथंच नुकसान होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे स्टिकर. बाहेर नाव कुठल्याही कंपनीचं असलं तरी आतलं इंजिन बऱ्याचदा एकाच ठेवणीचं असतं. इंजिनावरच्या पट्टीवर '१७०एफ' असं लिहिलेलं असतं. त्यातला १ म्हणजे एक सिलिंडर, ७० म्हणजे सिलिंडरचा ७० मिलिमीटर व्यास आणि एफ म्हणजे हवेने थंड होणारं. १८६एफ असेल तर व्यास ८६ मिलिमीटर. १७०एफ पेट्रोलमध्येही येतं आणि डिझेलमध्येही, त्यामुळे दुकानदाराला दोन्ही सांगायचं. मॉडेल कळलं की प्लग, रिंगा, कार्बोरेटर दुसऱ्या दुकानातूनही मिळू शकतात. बंद पडण्याआधीच त्या पट्टीचा आणि इंजिन नंबरचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवावा, कारण दोन हंगामांत चिखलानं आणि घासून पट्टी वाचता येत नाही.

खरी अडचण गिअरबॉक्सची. तो प्रत्येक कंपनीचा वेगळा. तरी त्यातलंही सगळंच अडत नाही. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. उदाहरणार्थ ६२०५ म्हणजे आतून २५, बाहेरून ५२ आणि जाडी १५ मिलिमीटर. हे बेअरिंग कुठल्याही चांगल्या कंपनीचं चालतं. ऑइल सीलवरही आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी छापलेली असते. पट्ट्यावरही नंबर असतो. जुना तुकडा फेकून न देता खिशात घालून सांगली-मिरजेच्या बेअरिंगच्या दुकानात गेलं तर काम होऊ शकतं. अडतात ते गिअर, क्लच आणि शाफ्ट. त्यासाठी कंपनीच लागते, म्हणून खरेदीआधी चौकशी याच तीन गोष्टींची करायची.

बिघाड कुठून सुरू होतो

गिअरबॉक्स बसण्यामागचं एक नेहमीचं कारण रानातच असतं. हराळी, ठिबकची नळी, सुतळी, मल्चिंगचा कागद पात्यांच्या शाफ्टला गुंडाळतो आणि आत सरकत सीलपर्यंत जातो. सील कापलं की तेल बाहेर आणि माती आत. महिनाभर कुणाच्या लक्षात येत नाही, आणि लक्षात येतं तेव्हा गिअरचे दात गेलेले असतात. दिवसाचं काम संपलं की इंजिन बंद करून, प्लगची टोपी काढून शाफ्ट मोकळा करायचा. डिझेल यंत्राला प्लग नसतो, तिथं इंजिन पूर्ण थांबलेलं बघूनच हात घालायचा. चालू यंत्रात विळा घालणाऱ्याची बोटं जातात, हे वेगळं सांगायला नको.

ऑइलचंही तसंच. अशा फोर-स्ट्रोक इंजिनांत पहिलं ऑइल साधारण २० तासांनी आणि पुढे १०० तासांनी बदलायचं असतं. रोज सहा तास यंत्र चाललं तर २० तास चौथ्या दिवशीच भरतात. आणि आपल्याकडे पहिलं ऑइल वर्षभर तसंच राहतं! भाड्यानं फिरणाऱ्या यंत्राचे १०० तास सतरा दिवसांत होतात. तासाचा मीटर नसेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करावी. हवेचा फिल्टर फोमचा असेल तर तो धुऊन, वाळवून, ऑइलचा हलका हात देऊन बसवायचा. फिल्टर काढून यंत्र चालवणं म्हणजे सिलिंडरला माती चारणं. काही इंजिनांत ऑइल कमी असलं की ते चालूच होत नाही, म्हणून दोरी ओढण्याआधी ऑइलची काडी बघावी.

आता पेट्रोलचा नवा प्रश्न आहे. पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. छोट्या इंजिनांच्या बऱ्याच पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतचीच मुभा दिलेली आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे टाकीत महिनोन्महिने राहिलेलं पेट्रोल कार्बोरेटर जाम करतं. हंगाम संपला की टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून मगच यंत्र झाकून ठेवावं.

काय व्हायला हवं

अनुदानाच्या यादीत राहायचं असेल तर विक्रेत्याने गिअर, क्लच, शाफ्ट, सील एवढा साठा तालुक्याला ठेवलाच पाहिजे, अशी अट हवी. बिलावर इंजिनाचं मॉडेल ठळक लिहिलेलं हवं आणि मराठी पुस्तिका यंत्राबरोबर मिळायला हवी. आयटीआयमध्ये शेती यंत्राच्या मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे. त्या पोरांना हंगामाआधी मंडळनिहाय दुरुस्ती शिबिरात उतरवता येईल. गावकऱ्यांनीही दहा जणांत दहा कंपन्या घेण्यापेक्षा एकाच मॉडेलची यंत्रं घेतली तर पार्ट ठेवणं दुकानदारालाही परवडतं आणि अडीनडीला शेजाऱ्याचा पार्ट चालतो.

किती यंत्रं वाटली याचा आकडा दरवर्षी मार्चअखेरला तयार होतो. त्यातली किती यंत्रं पुढच्या बांधणीला चालू होती, तो आकडा कुणी मागत नाही. तो मागायला सुरुवात झाली तर गोठ्यातले निम्मे टिलर रानात दिसतील.