हिशेबाची वही : लिलाव हरल्यावर येणारा फोन



मागच्या रविवारी विहारात वंदना आटोपली. आम्ही सतरंज्या गोळा करीत होतो, तेवढ्यात दौंडचा एक ओळखीचा उपासक जवळ आला. "भाऊसाहेब, जरा बाहेर येता का?" एवढेच म्हणाला. बाहेर पिंपळाखाली बराच वेळ गप्प उभा राहिला आणि मग बोलू लागला. त्याने सांगितलेली हकिकत त्याच्याच संमतीने, नाव न देता लिहितो आहे. "माझं गेलं ते गेलं, दुसऱ्याचं वाचलं पाहिजे," असे तो म्हणाला.

हा भाऊ कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार आहे. कंत्राट कधी संपेल याचा भरवसा नाही, म्हणून स्वतःचा एखादा छोटा हत्ती घ्यावा आणि दौंड-शिरूर भाजीपाल्याची भाडी मारावीत, असे त्याने मनात धरले होते. नवी गाडी परवडत नव्हती. हप्ते थकल्यामुळे ओढून आणलेल्या गाड्यांचा ऑनलाइन लिलाव होतो, हे त्याला कळले. शिरूरकडच्या एका यार्डात जाऊन त्याने गाडी पाहिली, तिथल्या वहीत नाव आणि फोन नंबर लिहिला, अनामत भरली आणि मोबाईलवर बोली लावली. त्याची बोली १ लाख ६२ हजारांवर थांबली. गाडी दुसऱ्याला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन आला. "पहिल्या पार्टीचं कर्ज मंजूर झालं नाही. दोन नंबरला तुमचीच बोली आहे. गाडी तुमच्या बोलीतच देतो, पण चार वाजेपर्यंत २५ हजार टोकन भरा, नाहीतर तीन नंबरवाला तयार आहे." समोरच्याला गाडीचा नंबर माहीत होता, बोलीचा आकडाही माहीत होता. मग संशय कसा यावा? भावाने पैसे पाठवले. संध्याकाळी पुन्हा फोन : कागदपत्रांचे आणि नावावर करण्याचे १४ हजार. तेही पाठवले. त्यानंतर तो नंबर बंद.

३९ हजार रुपये गेले. दोन वर्षांची भिशी होती ती. तीन दिवस त्याने घरी सांगितले नाही. चौथ्या दिवशी त्याच्या पत्नीने मुलीच्या फीसाठी पैसे मागितले, तेव्हा सगळे बाहेर आले. तक्रार केली, पण तोवर त्या खात्यातून रक्कम काढून घेतलेली होती.

वाचकहो, ही युक्ती जुनी आहे. 'ईबे' ही लिलावाची अमेरिकन कंपनी १९९५ साली सुरू झाली. २००४ मध्ये 'बाझी' ही भारतीय कंपनी विकत घेऊन ती आपल्याकडे आली आणि २०१८ मध्ये तिचे भारतातील दुकान बंद झाले. तिथे विक्रेत्याला हरलेल्या बोलीदारापुढे वस्तू पुन्हा ठेवण्याची खरीखुरी सोय होती. ठगांनी तिचाच सोंग म्हणून वापर केला. कोण हरला ते पडद्यावर दिसायचे, त्याला परस्पर पत्र लिहून पैसे उकळायचे. शेवटी कंपनीला बोली लावणाऱ्यांची ओळख झाकून ठेवावी लागली. ठग हरलेल्यालाच का गाठतो? कारण त्याला वस्तू हवी आहे, त्याच्याकडे पैसे तयार आहेत आणि हातातून गेल्याची हळहळ ताजी आहे. ठगाला आणखी काय पाहिजे?

आता नियम समजून घेऊ. थकीत कर्जापोटी बँक घर किंवा जागा विकते ती २००२ च्या सरफेसी कायद्याने आणि त्याखालील नियमांनी. लिलाव जिंकणाऱ्याने अनामत धरून २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी भरायची असते. उरलेली रक्कम विक्री कायम झाल्यापासून साधारण १५ दिवसांत भरायची. त्याने पैसे भरले नाहीत तर त्याची ठेव जप्त होते आणि मालमत्ता पुन्हा विक्रीला काढावी लागते. म्हणजेच "पहिला पळाला, आता घर तुमचे, आजच टोकन पाठवा" असा फोन या नियमात कुठेच बसत नाही. गाड्यांच्या लिलावात कंपनीच्या स्वतःच्या अटी असतात. दुसऱ्या क्रमांकाला संधी द्यायची की नाही, हे त्या अटींत पाहावे. फोनवरच्या माणसाच्या शब्दावर जाऊ नये.

पुढील गोष्टी घरातल्या सर्वांना वाचून दाखवाव्यात.

एक, आलेल्या फोनवर व्यवहार ठरवू नका. फोन ठेवा. लिलावाच्या जाहिरातीत छापलेल्या नंबरवर आपण स्वतः फोन करा किंवा शाखेत जाऊन विचारा.

दोन, पैसे फक्त लिलावाच्या नोटिशीत दिलेल्या, संस्थेच्या नावाच्या खात्यात भरा. मोबाईलवर पैसे पाठवताना खातेदाराचे नाव दिसते. तिथे एखाद्या व्यक्तीचे नाव आले, की हात थांबवा.

तीन, "तुमची अनामत परत करायची आहे, कोड स्कॅन करा, पिन टाका" असा फोन आला तर तीही फसवणूकच समजा. पिन पैसे देताना लागतो, घेताना लागत नाही.

चार, म्हाडाच्या सोडतीत नाव न लागलेल्यांनाही "प्रतीक्षा यादीतून बसवून देतो" म्हणणारे भेटतात. आम्ही एकही दलाल नेमलेला नाही, असे म्हाडा वारंवार जाहीर करते.

आणि तरीही फसलोच तर? त्याच क्षणी १९३० या नंबरवर फोन करा. पैसे पुढे सरकण्याआधी खाते गोठवता आले तर रक्कम वाचू शकते. इथे एकेका तासाला किंमत आहे. शिरूर आणि दौंड ही दोन्ही ठाणी पुणे ग्रामीण पोलिसांकडे येतात. "यार्ड तिकडचे, तुम्ही इकडचे" असे कोणी म्हणाले, तर हद्दीचा प्रश्न न आणता गुन्हा नोंदवण्याची तरतूद २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे, हे नम्रपणे पण ठामपणे सांगा. फोनचा नंबर, पैसे पाठवल्याचा संदेश, बोलण्याच्या वेळा, सगळे जपून ठेवा. संगणकाच्या वा मोबाईलच्या आधारे तोतयेगिरी करून फसवणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आमच्या भावाचे खरे नुकसान त्या तीन दिवसांनी केले. लोक हसतील, बायको काय म्हणेल, या लाजेने तो गप्प बसला आणि चोराला पळायला वेळ मिळाला. अरे, लाज चोरी करणाऱ्याला वाटावी, ज्याची चोरी झाली त्याला कशाला?

भगवान बुद्धांनी दीघजाणू नावाच्या कोलिय गृहस्थाला संसारी माणसाच्या सुखाच्या चार गोष्टी सांगितल्या : कष्टाने कमवावे, कमावलेले राखावे, चांगल्या मित्रांची संगत धरावी आणि मिळकत पाहून खर्च करावा. कष्ट करायला आपल्या माणसाला कोणी शिकवायला नको. राखायला मात्र शिकले पाहिजे. यापुढे कोणालाही पैसे पाठवण्याआधी एका कल्याणमित्राला विचारायचे, एवढा नियम घरात करा. तो मित्र शेजारी असेल, विहारातला कार्यकर्ता असेल, नाहीतर घरातली गृहिणी असेल. त्या भावाच्या पत्नीने हकिकत ऐकून पहिलाच प्रश्न केला, "खातं कंपनीच्या नावाचं होतं का?" हा प्रश्न पैसे पाठवण्याआधी विचारला गेला असता, तर ३९ हजार घरात राहिले असते.

जय भीम, जय बुद्ध.