ट्रॅक मागू नका

कोफाचे फोटो चढवून आठवडा झाला आणि मेलबॉक्समध्ये दोनच प्रकारची पत्रं साठली आहेत. पहिला प्रकार ट्रेकर दोस्तांचा: "सही! जीपीएस ट्रॅक पाठव ना." दुसरा नातेवाइकांचा. त्यात पुण्याच्या मावशीचं वाक्य प्रातिनिधिक म्हणून घ्यायला हरकत नाही: "अगं, पण तिथे बघायला आहे काय?"

मावशीचं सोपं आहे, म्हणून आधी तिला उत्तर देते.

मावशी, कोफा ही अ‍ॅरिझोनाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातली, युमा आणि क्वार्टझाइटच्या मधली डोंगररांग. किंग ऑफ अ‍ॅरिझोना नावाची सोन्याची खाण होती, तिच्या सामानावर 'के ऑफ ए' असा छाप असायचा, त्याचं झालं कोफा. (अलिबाबाच्या गुहेसारखं काहीतरी वाटलं होतं ना? मलाही.) तिथे किल्ला नाही, देऊळ नाही, माथ्यावर भगवा नाही, आणि उतरल्यावर पिठलं-भाकरी तर नाहीच. दगडही आपल्यासारखाच ज्वालामुखीचा, पण सह्याद्रीचा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांचा आणि हा दोन-सव्वादोन कोटींचा. शिवाय स्वभावात जमीन-अस्मानाचा फरक. आपला कातळ धरला की धरला. इथे हाताला लागलेला टेकू कधी हातातच येईल याचा नेम नाही.

मार्चचा दुसरा आठवडा. आम्ही तिघं, प्रत्येकाच्या पाठीवर सहा लिटर पाणी, आणि खिशात एक साधी प्लास्टिकची फणी. फणी अशासाठी की टेडी बेअर चोया नावाचा एक गोंडस दिसणारा निवडुंग असतो. त्याचे गोळे नुसता स्पर्श झाला तरी पोटरीला चिकटतात आणि हाताने काढायला गेलं की हाताला चिकटतात! फणी खाली घालायची आणि झटक्यात उडवायचं. पुढच्या घळीत कॅटक्लॉ अकेशिया. करवंदीची जाळी परवडली. पण या सगळ्याच्या मधूनच ब्रिटलबुशचे पिवळेधमक ताटवे, ओकोटिओच्या काठ्यांच्या टोकांना लाल तुरे, आणि उन्हाने तापलेल्या क्रिओसोटचा वास. पहिला पाऊस पडला की आपल्याकडे मातीचा येतो ना, तसा इथल्या लोकांना पावसात या झुडपाचा वास येतो. वर धारेवर पोचल्यावर चहूकडे नुसती काळपट सुळक्यांची करवत. दिवसभरात आमच्याशिवाय माणूस दिसला नाही. हे बघायला आहे, मावशी.

आता ट्रॅकवाल्यांकडे वळते. नाही देणार.

कंजूष म्हणा, शिष्ट म्हणा (एकाने म्हटलंच आहे). पण त्या दिवशी काय झालं ते आधी ऐका. फोटोंखाली हे मी लिहिलं नव्हतं, कारण सांगायची लाज वाटत होती.

उतरताना एका घळीत कातळात कोरलेलं पाणी सापडलं. स्पॅनिशमध्ये अशा खळग्याला टिनाहा म्हणतात, आणि टिनाहा म्हणजे मूळ अर्थाने मातीचा मोठा रांजण! निघोजच्या कुकडीतले रांजणखळगे आठवून मी तिथेच खूश झाले. सावली होती, गार होतं. आम्ही बूट काढले, डबे उघडले, गप्पा रंगल्या. चांगली चाळीसेक मिनिटं गेली असतील. मग वरून एक खडा घरंगळत आला. पाहिलं तर वरच्या कपारीवर एक रानमेंढी, बिगहॉर्न, आणि तिच्या पोटाला चिकटून गुडघ्याएवढं कोकरू. हलत नव्हती. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती आमच्याकडे बघत नव्हती, आमच्या मागच्या पाण्याकडे बघत होती.

कोफाच्या नियमात पाणवठ्यापासून पाव मैलाच्या आत मुक्काम करायला बंदी आहे. आम्ही मुक्काम केला नव्हता, त्यामुळे नियम मोडला नाही म्हणायचा. पण नियम कशासाठी आहे हे माहीत असून आम्ही तिथे तंगड्या पसरून बसलो होतो. वसंतात ही कोकरं लहान असतात आणि त्याच वसंतात आपल्याला तिकडे जायची हुक्की येते, कारण जूनमध्ये तिथे भाजून निघू. म्हणजे आपला सीझन आणि त्यांचा सीझन एकच.

या मेंढ्यांसाठीच तर हा प्रदेश राखला गेला. १९३६ मध्ये अ‍ॅरिझोनाच्या बॉय स्काउट पोरांनी मोहीम उघडली, १९३९ मध्ये रूझवेल्टने अभयारण्य जाहीर केलं. साडेसहा लाख एकरांच्या वर. २००० साली आठशेच्या आसपास मेंढ्या होत्या, २००६ मध्ये त्या चारशेच्या खाली आल्या. घाबरून खात्याने २००७ मध्ये वन्य भागात दोन कृत्रिम टाक्या बांधल्या. त्यावर निसर्गवाद्यांनीच कोर्टात दावा लावला, आणि २०१० मध्ये अपील कोर्टाने खात्याला सुनावलं की या टाक्या गरजेच्याच होत्या हे तुम्ही नीट दाखवलेलं नाही. मेंढ्यांच्या तहानेसाठी पाइप पुरायचा तरी इतका काथ्याकूट! आणि आपण एक फाइल चिकटवून पन्नास जणांना त्याच रांजणापाशी नेऊन बसवायचं?

"पन्नास कोण जातंय तिथे?" हा युक्तिवाद मला ठाऊक आहे. कॅलिफोर्नियातल्या वॉकर कॅन्यनमध्येही कोण जात होतं? २०१९ च्या मार्चमध्ये पॉपीची फुलं फुलली, फोटो फिरले, आणि इतकी झुंबड उडाली की गावाला वाट बंद करावी लागली. २०२३ मध्ये तर फुलांच्या हंगामात दार उघडलंच नाही. हरिहरच्या पायऱ्यांवर सुट्टीच्या दिवशी उभं राहिलेल्यांना मी जास्त सांगायला नको. आणि सह्याद्रीत निदान पावसाळा येऊन पायवाटा पुसतो. या वाळवंटात १९४२ च्या युद्धसरावातल्या रणगाड्यांच्या चाकोऱ्या अजून दिसतात.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. ट्रॅक असला की माणूस चुकत नाही म्हणे. अरुंद घळीत जीपीएसची रेघ कड्यावरून उड्या मारते, आमचीच दोनदा मारली. आणि गेल्या पावसात कुठला धोंडा निसटला हे त्या रेघेला काय कळणार? रेघेवर भरवसा ठेवून माणूस जिथून परत फिरायला हवं तिथून पुढे जातो. आम्ही त्या दिवशी दोन घळींतून परत फिरलो, कारण पुढे वाट आहे असं आम्हाला कोणी सांगितलेलं नव्हतं.

तिसरा आरोप मात्र झोंबला. "तू जाऊन आलीस, आता मागून दार लावतेस." खरं आहे थोडंसं. आम्हालाही एका जुन्या गिर्यारोहकाने तोंडी दोन वाक्यं सांगितली होतीच. मग तेवढंच मीही करेन. रांगेचं नाव सांगितलंय. नकाशे सरकारी आहेत, सगळ्यांना मिळतात. समोच्चरेषा वाचता येत नसतील तर घरी या, चहा करते, टेबलावर नकाशा पसरून दोन तास बसू. याच रांगेत पाम कॅन्यन आहे, तिथे रस्ता आहे, पाटी आहे, अर्ध्या मैलाची वाट आहे आणि कपारीत उगवलेली रानटी ताडाची झाडं आहेत. तिथला पत्ता हवा तर पानभर लिहून देते, मुलांना घेऊन जा. फक्त त्या रांजणाकडे नेणारी रेघ मागू नका.

आम्ही त्या दिवशी डबे तसेच कोंबले, बुटांच्या नाड्या न बांधताच खाली सटकलो. वळणापाशी मागे पाहिलं. ती अजून उतरली नव्हती.

आणि हो मावशी, टोपी घातली होती.