शिशाच्या नाण्यांवरचे राजे

सोन्याच्या मोहरांवर राजाचे वैभव दिसते. पण राज्य खरोखर कुणाचे होते, हे बाजारातली चिल्लर सांगते, असे माझे मत आहे. आमच्या घरात चिल्लरीखेरीज दुसरे नाणे कुणी पाहिलेले नाही, तेव्हा हा पक्षपात असेलही!

कोल्हापुरात सापडलेली कुर राजांची शिशाची नाणी पाहा. एका बाजूस बाण लावलेले धनुष्य, दुसरीकडे चैत्य व झाड. ब्राह्मी अक्षरांत राजाच्या नावाआधी आईचे नाव: वासिठीपुत विळिवायकुर, माढरिपुत सिवलकुर, गोतमिपुत विळिवायकुर. माढरिपुताने वासिठीपुताच्या नाण्यांवर आपला ठसा मारला, गोतमिपुताने माढरिपुताच्या. कोण कुणामागून गादीवर आला, हे अभ्यासकांनी या ठशांवरून ताडले. समरकंदच्या सोग्दी राजांनीही सातव्या शतकात चिनी धर्तीची, चौकोनी भोकाची काशाची नाणी ओतली. नाव मात्र आपल्याच लिपीत घातले.

काही विद्वान कुरांना सातवाहनांचे नुसते मांडलिक मानतात. मला ते पटत नाही. मांडलिक स्वतःला राजा म्हणवील आणि धन्याचे नावही घेणार नाही? दुसऱ्या शतकातला टॉलेमीसुद्धा पैठणचा राजा वेगळा सांगतो आणि हिप्पोकुराचा बॅलिओकुरोस वेगळा.

आपल्या इतिहास मंडळाने यंदाची सहल कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात न्यावी. ब्रह्मपुरीच्या १९४५-४६ च्या उत्खननातील वस्तू तेथे आहेत.