टोल गेला, मृत्यूचा कर चालूच आहे

रस्त्यावर माणूस मेला की दोन वाक्ये ठरलेली असतात. पंचनाम्यात लिहिले जाते, 'चालकाचा ताबा सुटला'; आणि सांत्वनाला आलेले म्हणतात, 'वेळच आली होती.' पहिल्या वाक्याने शासन मोकळे होते, दुसऱ्याने समाज. २०२२ या एका वर्षात भारतात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मृत्युमुखी पडली; त्यांपैकी १५,२२४ महाराष्ट्रात. एवढी माणसे एखाद्या साथीने दगावली असती तर विधिमंडळात सरकारला तोंड दाखवणे कठीण झाले असते. रस्त्यावरील मृत्यूला मात्र राजकारणात जागा नाही. ती मिळवून देणे हे समाजवाद्यांचे काम आहे, आणि त्यासाठी कोल्हापूरइतकी मशागत झालेली भूमी दुसरी नाही.

राज्याराज्यांतील तफावतीचा विषय निघाला की केरळचा दाखला दिला जातो. २०२२ साली केरळात ४३,९१० अपघात झाले व ४,३१७ माणसे मेली. म्हणजे शंभर अपघातांमागे सुमारे दहा मृत्यू. महाराष्ट्रात ३३,३८३ अपघातांत १५,२२४ मृत्यू, म्हणजे शंभरामागे पंचेचाळीसहून अधिक. बिहारात हेच प्रमाण ब्याऐंशीवर जाते. यावरून दिवाणखान्यातील विद्वान लगेच निष्कर्ष काढतात, की केरळचा माणूस साक्षर व शिस्तीचा, महाराष्ट्राचा बेफिकीर आणि बिहारचा तर विचारूच नये.

हा निष्कर्ष एका भागाकाराने कोसळतो. तेच मृत्यू २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्येने भागून पाहावेत. केरळ आणि महाराष्ट्र दोन्ही लाखामागे तेराच्या आसपास येतात. 'बेशिस्त' बिहार साडेआठवर उतरतो आणि शिकलेला, उद्योगप्रधान तामिळनाडू पंचविसाच्या घरात चढतो. स्वभाव मग कोणाचा चांगला म्हणावा? जेथे किरकोळ धडकेचीही नोंद होते तेथे अपघात पुष्कळ दिसतात आणि मृत्यूचे प्रमाण कमी भासते. जेथे माणूस मेल्यावरच पोलीस वही उघडतात तेथे प्रत्येक अपघात जीवघेणा ठरतो. जेथे वाहनेच थोडी तेथे लोकसंख्येमागे मृत्यू थोडे. छेद बदलला की गुणवत्ता यादी बदलते, आणि राज्यकर्ते आपल्या सोयीचा छेद निवडतात.

मुंबईचेच पाहा. वर्षभरात त्या महानगराच्या रस्त्यांवर मरणारांची संख्या शेकड्यांत मोजली जाते. लोकसंख्येच्या मानाने ती फार कमी. पण मुंबईचा श्रमिक लोकलने जातो, आणि उपनगरी रेल्वेच्या हद्दीत दरवर्षी अडीच हजारांच्या आसपास माणसे रूळ ओलांडताना, गाडीतून पडून वा अन्य कारणांनी मरतात. त्यांचा मृत्यू चुकला नाही. त्याचा रकाना बदलला.

खरी दरी दोन राज्यांच्या सीमेवर शोधून सापडणार नाही. ती एकाच रस्त्यावर, मोटारीत बसलेला आणि मोटारीबाहेरचा यांच्यामध्ये आहे. २०२२ मधील देशभरच्या मृतांत दुचाकीस्वार सुमारे ४४ टक्के आणि पादचारी १९ टक्क्यांहून अधिक; म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश माणसे अशी, की ज्यांच्या देहाभोवती पत्रा नव्हता. राष्ट्रीय महामार्ग देशातील एकूण रस्त्यांच्या लांबीत जेमतेम दोन टक्के भरतात. मृत्यूंत त्यांचा वाटा ३६ टक्के आहे. वेग ज्याच्या सोयीसाठी वाढवला जातो तो एक, आणि त्या वेगाची किंमत मोजतो तो दुसरा. अर्थशास्त्रात याला बाह्य परिव्यय म्हणतात. साध्या मराठीत याला शोषण म्हणतात.

कोल्हापूर जिल्ह्यात हे शोषण उघड्या डोळ्यांनी पाहता येते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल येथील औद्योगिक वसाहती महामार्गाच्या कडेला वसल्या. पाळी संपवून रात्री घरी निघालेला फौंड्री कामगार त्याच महामार्गावर दुचाकी घालतो, कारण त्याच्या वेळेला त्याच्या गावची बस नसते. हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर अंधारात, मागे धड दिवा वा रिफ्लेक्टर नसताना, त्याच रस्त्याने कारखान्याकडे जातो. त्याच्यावर आदळून मरणारा दुचाकीस्वार शेतकऱ्याचा मुलगा असतो आणि अटक होणारा ट्रॅक्टरचालक शेतमजुराचा. ऊस मात्र सुखरूप गव्हाणीत पडतो. काट्यावर उसाचे किलोकिलोने वजन करणाऱ्या कारखान्याला ट्रॉलीमागचा दिवा तपासणे जड का जावे?

२६ जानेवारी २०१८ च्या रात्री कोल्हापूरच्या शिवाजी पुलाचा कठडा तोडून एक मिनीबस पंचगंगेत कोसळली आणि पुण्याचे तेरा प्रवासी मृत्यू पावले. पूल एकोणिसाव्या शतकातला. शेजारी पर्यायी पूल अर्धवट उभा होता; ब्रह्मपुरी टेकडीच्या सान्निध्यामुळे पुरातत्त्व कायद्याची अडचण येऊन त्याचे काम वर्षानुवर्षे रखडले होते आणि त्यासाठी कोल्हापूरकर आंदोलने करीत होते. नवा पूल २०१९ मध्ये खुला झाला. प्राचीन टेकडीचे जतन व्हावे याविषयी वाद नाही. वाद असा आहे, की तिचे जतन करणाऱ्या कायद्याच्या अर्थाची खल करीत शासनाची खाती जी वर्षे घालवतात, त्या वर्षांची नोंद कोणत्या पंचनाम्यात होते?

कायद्याचा तराजू कसा झुकलेला आहे हेही पाहावे. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने प्रथमच सदोष रस्त्यासाठी ठेकेदार व अधिकारी यांना जबाबदार धरणारे १९८-अ हे कलम आणले. त्यातील कमाल दंड किती? एक लाख रुपये. निष्काळजी चालकाला तुरुंग आणि निष्काळजी यंत्रणेला दंडाची पावती! स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्येच तत्त्व मान्य केले, की माणूस चुकणारच. त्याची चूक प्राणघातक ठरणार नाही असा रस्ता बांधणे हे रस्ता बांधणाऱ्याचे कर्तव्य आहे. आपल्याकडे अजून चुकणाऱ्यालाच देहदंड आहे.

येथे पुरोगामी कार्यकर्त्यांनीही आत्मपरीक्षण केले पाहिजे. हेल्मेटला विरोध हा पुण्या-कोल्हापुरात जणू नागरी स्वाभिमानाचा विषय बनला आणि त्या विरोधात डावी मंडळीही सामील झाली. बस न देता केवळ चौकात उभे राहून दंड वसूल करणारे शासन ढोंगी आहे, हे खरे. परंतु शासनाच्या ढोंगावर उपाय म्हणून कामगाराने उघड्या डोक्याने मरावे, हा कोणता समाजवाद? त्या स्वातंत्र्याचे बिल शेवटी त्याच्या विधवेच्या हाती येते.

कोल्हापूरने या देशाला एक धडा दिला आहे. २०१३ मध्ये शहरांतर्गत रस्त्यांवर टोल बसला, तेव्हा प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंद पानसरे यांच्या नेतृत्वाखाली हे शहर रस्त्यावर उतरले. डिसेंबर २०१५ मध्ये शासनाला तो टोल रद्द करावा लागला. तो विजय पाहायला पानसरे नव्हते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत मारेकऱ्यांनी त्यांचा बळी घेतला होता. त्या लढ्याने एक तत्त्व प्रस्थापित केले, की रस्ता ही सार्वजनिक मालमत्ता आहे. मात्र त्याचे उत्तरार्ध वाक्य उच्चारायचे राहून गेले: सार्वजनिक रस्त्यावर जनतेचा जीवही सुरक्षित राहिला पाहिजे.

पैसा नाही, ही सबब चालणार नाही. २४ जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या भूसंपादन व नियोजनासाठी वीस हजार कोटींहून अधिक रकमेस मंजुरी दिली. ज्या महामार्गाला कोल्हापूरच्या शेतकऱ्यांनी प्राणपणाने विरोध केला, त्याच्यासाठी कोटी आहेत; गावापुढच्या महामार्गाखालून शाळेची मुले जाण्यासाठी भुयारी वाट मागितली की तिजोरी रिकामी!

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. प्रत्येक अपघाती मृत्यूची जागा, वेळ आणि कारण यांची नोंद ग्रामसभेत वा महापालिका सभेत जाहीर वाचली जावी आणि त्याच ठिकाणी पुन्हा मृत्यू झाला तर अभियंत्याला उत्तर द्यावे लागावे. औद्योगिक वसाहतींत पाळीच्या वेळेला एसटी आणि केएमटीच्या बसगाड्या असाव्यात. दिवा व रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली काट्यावर घेण्याची कारखान्यांना बंदी असावी. २०२५ मध्ये केंद्राने अधिसूचित केलेल्या दीड लाखापर्यंतच्या विनारोख उपचारांचा लाभ जखमीला पहिल्या तासात मिळतो की नाही, याची तपासणी कार्यकर्त्यांनी प्रत्येक तालुक्यात रुग्णालयाच्या दारात उभे राहून करावी.

टोलनाके डोळ्यांना दिसत होते, म्हणून ते हटवता आले. मृत्यूचा कर दिसत नाही. तो एकेका घरातून, एकेका रात्री, पावती न देता वसूल होतो. ही वसुली थांबवणे हे टोलविरोधी लढ्याचे अपुरे राहिलेले काम आहे.