घरापासून दूरची दोन वर्षे

स्वतःच्या वा आईवडिलांच्या खर्चाने, युटाहमधील घर सोडून, अनोळखी मुलुखात दोन वर्षे धर्मप्रचारासाठी गेलेला मॉर्मन पंथाचा तरुण, छातीवर नावाची काळी पट्टी लावून, सदैव एका सहचराच्या सोबतीने, दारोदार नकार पचवीत हिंडतो, तेव्हा त्याचे मत अमान्य असणाऱ्यानेही त्याच्या निष्ठेची कदर करावी. मात्र त्या निष्ठेपायी त्याला आईच्या आवाजालाही पारखे करणे मला कधीच समर्थनीय वाटले नाही. नाताळ आणि मातृदिन असे वर्षातून दोनच दिवस घरी दूरध्वनी करण्याची मुभा देणारा जुना दंडक फेब्रुवारी २०१९ मध्ये शिथिल होऊन दर आठवड्याला बोलण्याची परवानगी मिळाली, हे उचितच झाले. घरची ओढ ही श्रद्धेची वैरीण नव्हे. असा तरुण आपल्या दारी आला, तर दार लावून घेण्याचा आपला हक्क अबाधित आहे. तत्पूर्वी त्या मुलाला पेलाभर पाणी तरी विचारावे.